'डोळा' छापलंय, पोर 'डोया' वाचतं: चूक धरायची का?

बागलाणी
सटाणा, मालेगाव, कळवणकडच्या अहिराणी घरांत ळ चा य होतो. डोळा-डोया, काळा-काया, केळी-केयी. पहिलीतलं पोर 'डोळा' या छापील शब्दावर बोट ठेवून 'डोया' म्हणतं आणि गुरुजी लाल फुली मारतात. माझं म्हणणं, ही वाचनाची चूक नाहीच. पोरानं अक्षरं ओळखली, शब्द ओळखला, अर्थ लागला, तोंडातून घरचा उच्चार आला. शंका असेल तर 'फळा' आणि 'बाळ' दाखवून "ळ कुठाय?" विचारा. बोट बरोबर पडलं की विषय संपला.
याउलट 'डो... ळा...' असं शुद्ध वाचून गप्प बसणाऱ्याला आपण शाबासकी देतो. वाचनाचे अभ्यासक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं ते साधं आहे: वाचन म्हणजे अक्षरं फोडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एका बाजूला शून्य असेल तर उत्तर शून्यच.

पाटीपेन्सिल
गुणाकार मान्य, सवलत अमान्य. आज फुली नाही मारली तर उद्या श्रुतलेखनात 'डोया' येणार. 'गाय' आणि 'गाळ', 'साय' आणि 'साळ' यांतला फरक ज्याच्या कानाला लागत नाही, त्यानं तो डोळ्यानं शिकायचा. तेवढ्यासाठी अक्षर पक्कं हवं, आणि ते पक्कं करायला वर्णमाला-बाराखडीसारखं साधन नाही. क-वर्ग कंठातला, प-वर्ग ओठांतला, ही मांडणी उगाच नाही. बाराखडी तर कोष्टक आहे: ३४ व्यंजनं गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपं, पण नियम एकच.

गोदाकाठ
नियम एक, पण तो पोराला सापडतो का ते बघा. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्याला फळ्यावर एकटा 'तो' लिहून द्या. बरीच मुलं 'त ता ति ती' पासून बोटं मोजत येतात. ते गाणं झालं, वाचन नव्हे.
दुसरं, क्रम. आधी अ ते अः, मग क ते ज्ञ, मग बाराखडी, मग शब्द. दिवाळी येते, वही भरते, आणि 'मामा' वाचता येत नाही, कारण काना अजून 'व्हायचाय'. ण आणि ळ नं तर मराठी शब्द सुरूच होत नाही, म्हणून 'ण बाणाचा, ळ बाळाचा' अशी कसरत.
त्याऐवजी पहिला गट असा घ्या: म, क, ल, न, स, र आणि सोबत काना, दुसरी वेलांटी. लगेच मला, काका, नाक, कान, रान, मीना तयार. दुसऱ्याच आठवड्यात "काकी, सरका!" हे अख्खं वाक्य पोर वाचतं आणि हसतं. एका गटाला दोन-अडीच आठवडे, पुढच्या गटात चार-पाच अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं. पहिली वेलांटी उशिरा आणा. ती लिहायची आधी, बोलायची नंतर, त्यामुळे 'किरण' चं काहीही होतं.
कन्नडमध्ये सगळी अक्षररूपं पक्की व्हायला मुलांना काही वर्षं लागतात, हे वाचन-संशोधक सोनाली नाग यांच्या २००७ च्या कामात आहे. लिपीची घडण आपल्यासारखीच. सगळी अक्षरं येईपर्यंत शब्द थांबवायचे, तर चौथी उजाडेल.

पाटीपेन्सिल
गट कागदावर छान. सुरगाणा-पेठची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात, पोरं बरोबर. इकडं तिसरा गट चालू, तिकडच्या शाळेत पाचवा, तोही वेगळ्या अक्षरांचा. त्या पोरानं काय पकडायचं? वर्णमाला सगळीकडे तीच असते.

गोदाकाठ
हा मुद्दा खरा आहे आणि त्याला गटवाल्यांकडे धड उत्तर नाही. फार तर पोराच्या दप्तरात एक कार्ड असावं: कोणती अक्षरं येतात, कोणती चिन्हं येतात. आल्या दिवशी पाच मिनिटांत तपासणी करून तिथून पुढे न्यायचं.

शब्दखोर
तुम्ही दोघं अक्षरांतच अडकलात. 'सरबत' घ्या. मराठीत ते 'सर्-बत्' होतं, मधला आणि शेवटचा अ गळतो. अक्षरागणिक 'सऽ रऽ बऽ तऽ' म्हणणाऱ्या पोराला तो कुठं गळतो हे कोण सांगणार? शब्द आधी कानावर असेल तरच ते उडी मारतं. म्हणून बोटानं झाकून 'स', 'सर', 'सरब', 'सरबत' असं वाढवत न्यायचं, आणि शब्द घरातला घ्यायचा. 'जग' चंही तेच. दुनिया म्हणून वेगळा ज, 'जगणे' मधला वेगळा. लिपी एकच अक्षर देते, निवड भाषा करते.

बागलाणी
हेच. आणि मोजमापही आंधळं आहे. लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी केंद्र सरकारच्या जुलै २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य आहे. 'घरासमोरच्या' हा एक शब्द, 'तो' हाही एक शब्द. उताऱ्यात कोणते आले यावर पोर पास. शब्दांऐवजी अक्षरं मोजा.

पाटीपेन्सिल
अक्षरं मोजा, चालेल. पण 'डोया' लेखनात कधी दुरुस्त करायचं, ते सांगितलं नाहीत.

बागलाणी
पहिलीत नाही. दुसरीत फळ्यावर दोन रकाने: 'घरी' आणि 'पुस्तकात'. डोया / डोळा, पानी / पाणी. पोरं स्वतःच भर घालतात. फुलीची गरज नाही.

पाटीपेन्सिल
रकाने घेईन. तिसऱ्या गटानंतर बाराखडीचा तक्ता मात्र भिंतीवर लागलाच पाहिजे. जोडाक्षरांत र चं काय? सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या, चार वेष.

शब्दखोर
चारही एका आठवड्यात आणले की 'दर्या' आणि 'दऱ्या' कायमचे एक होतात. रफार सगळ्यात शेवटी, कारण वर दिसतो पुढच्या अक्षरावर आणि बोलायचा त्याच्या आधी. सुरुवात ऱ्य पासून. अहिराणी घरात 'पोऱ्या' ही हाक रोजचीच.