मदत हवी आहे: फॅलननं ट्रम्पचे केस विस्कटले, पण नियमाचं काय?

नमस्कार मंडळी. लेकीला कॉलेजात 'निवडणूक आणि विनोद' यावर दहा मिनिटं बोलायचंय आणि तिच्यापेक्षा मीच जास्त अडकलोय.

सुरुवात ठरली आहे. १५ सप्टेंबर २०१६, जिमी फॅलनचा 'टुनाइट शो' (अमेरिकेतला रात्रीचा विनोदी गप्पांचा कार्यक्रम). अध्यक्षपदाच्या मतदानाला दोन महिनेही उरलेले नाहीत आणि फॅलन डोनाल्ड ट्रम्प यांचे केस चक्क हातानं विस्कटतो. वादग्रस्त उमेदवाराला गोड, निरुपद्रवी करून टाकलं म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. पुढे त्यानं स्वतःही खंत बोलून दाखवली. (मला विचाराल तर केसांपेक्षा मिळमिळीत प्रश्नच जास्त खटकले.)

घोडं अडलंय ते 'समान वेळे'च्या नियमापाशी. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार वाहिनीनं एका उमेदवाराला वेळ दिला की प्रतिस्पर्ध्यांनाही मागता येतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात ट्रम्प साधारण बारा मिनिटं दिसले, तर इतर चार उमेदवारांना वाहिनीनं वेळ दिला. पण 'टुनाइट शो'चा आधीचा सूत्रसंचालक जे लेनो यानं घेतलेल्या, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाचे उमेदवार असलेले अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या मुलाखतीला २००६ मध्ये 'बातमीवजा मुलाखत' म्हणून सूट मिळाली! मग विनोद कुठे संपतो आणि बातमी कुठे सुरू होते, हे ठरवतं कोण आणि कशावरून? कुणी सोप्या मराठीत सांगेल का?

शिवाय, दूरदर्शन-आकाशवाणीवर पक्षांना वेळ वाटून मिळतो हे माहीत आहे. आपल्या खासगी वाहिन्यांवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांना असं काही बंधन असतं का? माध्यमांत काम केलेलं कुणी असेल तर प्लीज लिहा. सादरीकरण सोमवारी आहे.