ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग : नवशिक्याने गोव्याहून पहिल्यांदा कुठे जावे?

खाजनकाठ (फोंडा)

नमस्कार. मानशीच्या (खाजनाच्या बांधातील पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी गरी टाकून चोणक आणि तामसो हे मासे पकडण्याची मला लहानपणापासून सवय आहे; परंतु फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसणारा हलका बनावट गळ, टाकण्याचा रॉड मी या वर्षीच प्रथम हातात घेतला. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा असल्यामुळे त्यासाठी गोव्याबाहेर जावे लागणार, हे ठाऊक आहे. नकाशावर निलगिरी आणि मुन्नार जवळ दिसतात, तर अनुभवी मंडळी काश्मीर आणि हिमाचलची नावे घेतात. पहिल्या खेपेस कोणती नदी निवडावी आणि कोणत्या महिन्यात जावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे. आठवडाभराची रजा मिळू शकते.

डोंगरवाट (म्हापसा)

माझे मत स्पष्ट आहे : हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातील तीर्थन नदी. निलगिरीत आणि मुन्नारच्या राजमलै परिसरात इंग्रजांच्या काळापासून रेनबो ट्राउट आहेत हे खरे. पण तेथील बरेचसे पाणी राखीव वनात किंवा राष्ट्रीय उद्यानात येत असल्यामुळे परवानगी मिळवण्यातच तुमची रजा संपण्याची शक्यता अधिक.

तीर्थन ही ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने उतरून लारजीजवळ बियासला मिळणारी छोटी नदी आहे. तिच्यात प्रामुख्याने ब्राउन ट्राउट सापडतात. गुशैणी आणि बंजारच्या दरम्यान नदी मोठमोठ्या दगडांमधून वाहते आणि प्रत्येक दगडामागे संथ पाण्याचा एक खिसा तयार होतो. ट्राउट तिथे प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणाऱ्या किड्यांची वाट पाहत थांबतो. त्यामुळे खालच्या अंगाने, म्हणजे त्याच्या पाठीमागून, हळूहळू वर सरकत गेल्यास वीस-पंचवीस फुटांची फेकही पुरते आणि लांब फेकीचे कौशल्य नसलेल्या माणसालाही मासा लागण्याची खरी संधी मिळते. मोठ्या, रुंद नदीवर नवशिक्याचा बहुतेक वेळ दोर सोडवण्यात जातो. ९ फुटांचा, ५ वजनाचा (म्हणजे ५ क्रमांकाच्या दोरासाठीचा) रॉड घेऊन जावे आणि सुरुवात फेझंट टेलसारख्या वजनदार निम्फने (पाण्याखालच्या अळीसारख्या दिसणाऱ्या फ्लायने) करावी, कारण ट्राउटचे बहुतेक खाणे पाण्याखालीच चालते.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तो त्यांच्या विणीचा काळ आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि धोकादायक होते. उरलेल्या महिन्यांपैकी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडावा. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा आणि निदान पहिले दोन दिवस स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा; त्याचे पैसे वाचवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. गोव्याहून विमानाने दिल्ली, तिथून मनालीच्या रात्रीच्या बसने औट आणि पुढे बंजारमार्गे गुशैणी, हा मार्ग सोयीचा पडतो.

पाणवठा (पणजी)

तीर्थनविषयी दुमत नाही, पण काश्मीरला इतक्या लवकर बाजूला सारू नये. तिथे नद्यांचे ठरावीक टप्पे पाडलेले असून त्यांना बीट म्हणतात; परवाना त्या-त्या बीटपुरता आणि मोजक्याच लोकांना दिला जातो, त्यामुळे गर्दी होत नाही. कोकरनागजवळची ब्रिंगी नदी झऱ्यांच्या पाण्यावर पोसलेली असल्याने तुलनेने स्वच्छ राहते आणि नवशिक्याला झेपते. पहलगामची लिद्दर मात्र उन्हाळ्यात बर्फ वितळू लागला की फार जोरात वाहते. पाण्यात उभे राहण्याची सवय नसलेल्याने ती पुढच्या खेपेसाठी ठेवावी. हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो, म्हणजे ऑक्टोबरचीच रजा असेल तर प्रश्न आपोआप सुटतो आणि हिमाचलच उरते.

खाजनकाठ (फोंडा)

दोघांचेही मनापासून आभार. रजा ऑक्टोबरमध्येच मिळेल, तेव्हा तीर्थन निश्चित करतो. तोपर्यंत गोव्यात सराव कसा करावा?

डोंगरवाट (म्हापसा)

डोक्यावरून टाकायची फेक मोकळ्या मैदानावर शिकता येते. गळाऐवजी लोकरीचा रंगीत तुकडा बांधावा, म्हणजे कोणाला इजा होत नाही आणि दोर कुठे पडला तेही दिसते. फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. फेकला जातो तो दोर, म्हणून मागे गेलेला दोर पूर्ण सरळ होईपर्यंत थांबण्याची सवय हाताला लावावी. गरीला शिसे बांधून झुगारण्याची सवय असलेल्यांना हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. तीर्थनच्या काठावर झाडी असल्याने मागे जागा मिळत नाही, तिथे रोल कास्ट (दोर मागे न नेता पुढे गुंडाळत टाकण्याची फेक) लागतो आणि तो गवतावर शिकता येत नाही, कारण दोर पाण्याने धरून ठेवावा लागतो. त्यासाठी एखादे तळे किंवा नदीचा संथ काठ शोधावा. पाणी खारे असल्यास रॉड, रील आणि दोर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावेत.

आणखी एक गोष्ट आतापासूनच करावी : गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. ट्राउट सोडून देताना हात आधी ओले करावेत आणि त्याला शक्य तितके पाण्यातच ठेवून गळ काढावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पोहून गेलेला मासाही नंतर संसर्गाने मरू शकतो.