अब्जाधीश राष्ट्राध्यक्ष होतो इथवर ठीक, पण कोणत्या दाराने?

खतावणी

नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

एकतीस वर्षं लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या वह्यांतली खोटी बेरीज शोधण्यात हयात घालवलेला माणूस निवृत्तीनंतर स्वतःच खोटं रचायला बसला की काय होतं, ते सध्या भोगतोय. अमेरिकेच्या राजकारणावर थरारक कादंबरी लिहायला घेतली आहे. अकरा प्रकरणं, हाताने लिहिलेली दोनशे चाळीस पानं झाली. नायक म्हणा की खलनायक, एक अब्जाधीश आहे. गोदामं, मालवाहू जहाजं, दोन वृत्तवाहिन्या. नाव सुचलेलं नाही, म्हणून वहीत सगळीकडे 'मालक' असंच लिहिलंय. मालकाला व्हाइट हाउस हवं आहे.

सातव्या प्रकरणात मालक पदरचे 200 कोटी डॉलर ओततो, पन्नासही राज्यांत जाहिरातींचा पाऊस पाडतो आणि निवडणुकीच्या रात्री 281 इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष ठरतो तो याच मतांवर, बहुतेक राज्यांत पहिला येणारा त्या राज्याच्या वाट्याची सगळी घेतो) घेऊन मोकळा होतो. माझी थोरली बहीण, माई, सगळं पहिल्यांदा वाचते. तिने समासात लाल पेन्सिलीने लिहिलं: "पैसे टाकले आणि झाला? हे काय वजनाचं यंत्र आहे, नाणं टाकलं की तिकीट बाहेर?"

आयुष्यभर मी लोकांच्या वह्यांत असे शेरे मारले. स्वतःच्या वहीत ते किती झोंबतात हे आत्ता कळलं.

तर विचारायचं असं की पैशाच्या जोरावर माणूस तिथवर पोचतो हे वाचकाला पटेल कसं? दुसरं, नवव्या प्रकरणात सरकारी अधिकारी मालकाला कायदा दाखवून जहाजं विकायला लावतो, ते बरोबर आहे का? एका प्रसंगात खरा, हयात राजकारणी नावानिशी आणायचा मोह होतोय, आणू का? आणि खरी अडचण अशी की मालकाकडे सगळं आहे, मग हे खूळ कशाला? मलाच अजून पटलेलं नाही.

टाचणी

माईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या शेऱ्याला इतिहासाचा आधार आहे.

1992 साली रॉस पेरो या अब्जाधीशाने स्वतःच्या खिशातून पैसा ओतला. टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वेळ विकत घेऊन हातात तक्ते धरून देशाचा जमाखर्च समजावला (खतावणी, तुम्हाला आवडला असता हा माणूस). त्याला 18.9 टक्के लोकांनी मत दिलं. इलेक्टोरल मतं किती? शून्य. त्याच्या चोवीस वर्षं आधी, 1968 मध्ये, जॉर्ज वॉलेसला जेमतेम 13.5 टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मतं मिळाली 46. कारण वॉलेसची मतं दक्षिणेत एकवटली होती, त्यामुळे पाच राज्यं हाती आली. पेरोची मतं देशभर पातळ पसरली. तुमचा मालक पन्नास राज्यांत जाहिराती लावतो म्हणजे तो पेरोचीच चूक आणखी महाग करून करतोय.

अलीकडचं बघायचं तर अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग. 2019 च्या नोव्हेंबरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरले, 2020 च्या मार्चमध्ये बाहेर. साधारण शंभर दिवसांत स्वतःचे 100 कोटींहून जास्त डॉलर गेले आणि जिंकलं काय, तर फक्त अमेरिकन सामोआ. त्या बेटांवरच्या लोकांना राष्ट्राध्यक्षाच्या मुख्य निवडणुकीत मतच नसतं. हे कादंबरीत लिहिलं असतंत तर संपादकाने 'अतिशयोक्ती' म्हणून खोडलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 च्या बकली विरुद्ध व्हॅलेओ या निकालापासून उमेदवाराने स्वतःचा पैसा किती उधळावा याला मर्यादा नाही. म्हणजे मालकाला काळा पैसा लागतच नाही. मर्यादा आहे ती दुसऱ्या उमेदवाराला थेट देण्यावर, 2024 साली ती एका निवडणुकीमागे 3,300 डॉलर होती. 2010 नंतर सुपर पॅकमुळे (उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा पैसा गोळा आणि खर्च करू शकणारे गट) त्यालाही वळसा घालता येतो. तेव्हा काळ्या बॅगा, भुयारी पार्किंग वगैरे असेल तर काढा.

जहाजांचा प्रसंगही चुकलाय. हितसंबंधांच्या संघर्षाचा फौजदारी कायदा मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना लागतो, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष त्यातून वगळलेले आहेत. 1978 च्या कायद्याने मालमत्ता जाहीर करावी लागते, इतकंच. जिमी कार्टर यांनी भुईमुगाचा धंदा विश्वस्ताच्या हाती दिला तो स्वखुशीने. त्यामुळे तुमचा अधिकारी विनंती करू शकेल, सक्ती नाही. मला तर हे जास्त भीतीदायक वाटतं. अधिकारी फाइल घेऊन येतो, मालक त्याला बसवतो, शांतपणे ऐकून घेतो आणि 'बरं, विचार करतो' म्हणतो.

रात्रपाळी

टाचणींचा प्रतिसाद उत्तम. पण त्यांनी पुढचं दार दाखवलं, मी मागचं दाखवतो. मालकाला जिंकायचं कशाला? कोणालाच जिंकू द्यायचं नाही!

एकूण इलेक्टोरल मतं 538, बहुमत 270. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं आपली काही मतं मतदारसंघवार देतात. नेब्रास्काचा एखादा मतदारसंघ म्हणजे साडेसहा लाखांच्या आसपास वस्ती आणि एक इलेक्टोरल मत. आता गणित करा: एका मोठ्या पक्षाला 269, दुसऱ्याला 268, मालकाला 1. बहुमत कोणालाच नाही. मग 1804 ची बारावी घटनादुरुस्ती लागू होते. निवड प्रतिनिधिगृहाकडे (म्हणजे तिथल्या लोकसभेकडे) जाते आणि पहिल्या तीन उमेदवारांतून एक निवडायचा असतो. मालक एका मताच्या जोरावर त्या तिघांत!

खरी गंमत पुढे आहे. प्रतिनिधिगृहात तेव्हा माणशी मत नसतं, राज्यामागे एक मत असतं. जिंकायला 26 राज्यं लागतात. कॅलिफोर्नियाचे 52 प्रतिनिधी मिळून एक मत. वायोमिंगचा एकच प्रतिनिधी, त्याचंही एक मत. अलास्का, डेलावेअर, व्हरमाँट, नॉर्थ डाकोटा, साउथ डाकोटा इथेही एकेकच प्रतिनिधी. एखाद्या राज्याचे प्रतिनिधी समसमान फुटले तर त्या राज्याचं मत कोणालाच जात नाही. म्हणजे जिथे दहा-पंधरा कोटी मतदारांचं मन वळवायचं होतं, तिथे आता 26 पैकी सहा राज्यांसाठी मालकाला सहा माणसांचे पत्ते पुरतात.

एक खबरदारी. मतदान जुनं सभागृह करत नाही, 3 जानेवारीला शपथ घेतलेलं नवं करतं. 6 जानेवारीला मतं मोजली जातात आणि 20 जानेवारीच्या दुपारपर्यंत निकाल लागला नाही तर सिनेटने निवडलेला उपराष्ट्राध्यक्ष काम बघू लागतो. सिनेटपुढे मात्र पहिले दोनच उमेदवार असतात, तिथे मालकाच्या जोडीने उभ्या राहिलेल्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला प्रवेश नाही. चौदा दिवस, सहा माणसं, वर टांगलेलं घड्याळ. अजून काय पाहिजे राव?

चहाटळ

अकरा प्रकरणं झाली आणि नायकाला नाव नाही. बारशाला बोलवा.

खतावणी

रात्रपाळी, काल रात्री दीडपर्यंत झोपलो नाही. 269 + 268 + 1, बेरीज तीनदा करून पाहिली. जुळते!

पण ऑडिटरचा किडा वळवळतोच. त्या सहा जणांना पक्ष आहेत. मालकाला एका मतदारसंघाने मत दिलं म्हणून वायोमिंगचा माणूस स्वतःचा पक्ष सोडून त्याच्याकडे का जाईल? पैशाला भुलला असं लिहिलं की माईची पेन्सिल आलीच. आणि असं कधी खरंच घडलंय का, की नुसतं कागदावर आहे?

रात्रपाळी

घडलंय. 1824 ची निवडणूक. अँड्र्यू जॅक्सन 99, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स 84, क्रॉफर्ड 41, हेन्री क्ले 37. बहुमत कोणालाच नाही. क्ले चौथा म्हणून बाद, पण प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष तोच. त्याने वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यात टाकलं आणि 9 फेब्रुवारी 1825 ला पहिल्याच फेरीत 24 पैकी 13 राज्यं अ‍ॅडम्सला मिळाली. मग अ‍ॅडम्सने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. जॅक्सनचे लोक पुढली चार वर्षं 'सौदा, सौदा' म्हणून ओरडत राहिले.

आता तुमच्या कामाचा भाग. न्यूयॉर्कचं मत अडलं होतं एका माणसावर, स्टीफन व्हॅन रेन्सेलियर. देशातल्या सर्वांत श्रीमंत जमीनदारांपैकी एक. म्हणजे इथे विकत घेणारा श्रीमंत नाही, ज्याचं मत हवं तोच गडगंज. त्याला काय देणार? मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की म्हाताऱ्याने डोकं टेकवून देवाला कौल मागितला, डोळे उघडले तर पायाशी अ‍ॅडम्सच्या नावाची चिठ्ठी पडलेली. तीच उचलून पेटीत टाकली. खरं-खोटं व्हॅन ब्यूरेन जाणे, तो अ‍ॅडम्सच्या विरुद्ध गोटातला होता.

तिसरी_घंटा

दोन्ही दादांनी नागरिकशास्त्राचा तास छान घेतला. पण खतावणीकाकांचा शेवटचा प्रश्न कोणी हातात घेतला नाही. सगळं असलेल्या माणसाला हे का हवं असतं?

मी या प्रकारातल्या कादंबऱ्या अधाशासारख्या वाचते आणि अर्ध्याहून जास्त याच ठिकाणी फसतात. 'त्याला सत्तेची भूक होती.' बस, एका वाक्यात उरकलं. भूक म्हणजे काय हे लेखकाला माहीतच नसतं.

काका, नेल्सन रॉकफेलरकडे बघा. तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलरचा नातू, न्यूयॉर्कचा दीर्घकाळ गव्हर्नर. राष्ट्राध्यक्षपदासाठी 1960, 1964, 1968 असा तीनदा प्रयत्न, तिन्ही वेळा स्वतःच्या पक्षाचीच उमेदवारी मिळाली नाही. मग राष्ट्राध्यक्ष निक्सन राजीनामा देऊन गेले, त्यांनीच नेमलेले उपराष्ट्राध्यक्ष फोर्ड त्यांच्या जागी आले आणि पंचविसाव्या घटनादुरुस्तीखाली रॉकफेलरचं नाव उपराष्ट्राध्यक्षपदासाठी पाठवलं गेलं. तेव्हा काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) त्याच्या संपत्तीची चार महिने चिरफाड केली. कोणाला काय भेट दिली, कोणाचं कर्ज माफ केलं, सगळं चव्हाट्यावर. हेन्री किसिंजरना दिलेले 50,000 डॉलरसुद्धा. डोळ्यांपुढे आणा: ज्याच्या घराण्याला आयुष्यात कोणी हिशेब विचारला नाही, तो टेबलाशी बसून भेटवस्तूंची यादी समजावतोय. आणि हे सगळं कशासाठी, तर दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीसाठी. तुम्ही एकतीस वर्षं ज्या बाजूला बसलात ती बाजू तुम्हाला माहीत आहे. तो प्रसंग तुमच्याइतका चांगला कोण लिहील?

डिसेंबर 1974 ला त्याचा शपथविधी झाला. देशाचे दोन्ही सर्वोच्च पदाधिकारी त्या पदांवर निवडून न आलेले! आणि सप्टेंबर 1975 मध्ये कॅलिफोर्नियात फोर्ड यांच्यावर सतरा दिवसांत दोन हल्ले झाले. सॅक्रामेंटोला पिस्तूल रोखलं गेलं, पण गोळी चेंबरमध्ये चढवलेलीच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोला गोळी सुटली आणि चुकली. पंधरा वर्षं पैशाने जे मिळालं नाही, ते त्या दोन दिवशी एका गोळीवर येऊन ठेपलं होतं. त्या बातम्या कानावर पडल्या तेव्हा रॉकफेलरच्या मनात पहिल्या क्षणी काय आलं असेल? मला कादंबरीत तो क्षण वाचायचाय. मालकाला तसं एकदा जिंकण्याच्या अगदी जवळ नेऊन परत आणा, खूळ आपोआप पटेल.

हयात राजकारणी मात्र नका आणू. जेफ्री आर्चर यांनी 1977 च्या 'शॅल वी टेल द प्रेसिडेंट' मध्ये तेव्हा हयात असलेल्या सिनेटर टेड केनेडींना राष्ट्राध्यक्ष दाखवून त्यांच्या खुनाचा कट रचला. केवढा गहजब झाला! त्याच प्रकाशनसंस्थेत संपादक असलेल्या टेड यांच्या वहिनी जॅकलिन केनेडी ओनासिस यांनी नोकरी सोडली. पुढे 1986 च्या सुधारित आवृत्तीत आर्चरनी केनेडींना काढून तिथे स्वतःचं काल्पनिक पात्र बसवलं. तुमचा मालक बिननावाचा आहे, तोच बरा.

टाचणी

तिसरी_घंटाशी प्रचंड सहमत. आम्ही दोघं बेरजा मांडत बसलो.

खतावणी

ताई, तुमचा प्रतिसाद छापून वहीत चिकटवला आहे.

सातवं प्रकरण फाडलं. नववं राहिलं, पण आता अधिकारी जहाजं विकायला लावत नाही. तो विचारतो, मालक 'बरं' म्हणतो, अधिकारी फाइल बांधून निघून जातो. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण चहाचा कप हातात घेऊनच बाहेर पडलो. (हे माझ्या बाबतीत घडलंय, कुठे ते विचारू नका.)

काल नवं दहावं लिहिलं. 17 जानेवारीची रात्र, मालकाकडे 25 राज्यं, सव्विसावं वायोमिंग अडलेलं. मालक त्या एकट्या प्रतिनिधीच्या घरी स्वतः गाडी चालवत जातो, वीस वर्षांत पहिल्यांदाच. बर्फ पडतंय. प्रतिनिधी साठीची बाई आहे, घोडे पाळते. मालकाने तिची सगळी कागदपत्रं आधीच चाळली आहेत: कर्ज नाही, भानगड नाही, आजारी कोणी नाही, मुलगा नोकरीला. एकही रकाना लाल नाही. मालकाने खिशात जे जे आणलंय त्यातलं तिला काहीच नको. ती त्याला एवढंच विचारते, "तुम्हाला हे कशाला हवंय?"

तिथे लेखणी थांबली. पानं तशीच माईकडे दिली. सकाळी परत आली, समासात लाल पेन्सिलीने एकच शब्द:

"मग?"