अपघाताला लॉटरी म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

तिरकी रेघ
परवा एका लेखात वाचलं, "हल्ली अपघात म्हणजे लॉटरी. हातपाय मोडला की वकील गाठायचा, विमा कंपनीकडून पंधरा-वीस लाख उकळायचे आणि आयुष्यभर बसून खायचं." खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग. तिथंच उत्तर द्यायला बसले, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझा धाकटा भाऊ फर्निचरची कामं घ्यायचा. मागून टेम्पोनं उडवलं, उजवा हात कोपराखाली कामातून गेला. आता 'उकळायचे' म्हणजे काय करायचं ते ऐका.

आधी उत्पन्न सिद्ध करा. सुताराला कोण पगारपत्रक देतं? गिऱ्हाईक रोख देतं, त्यातून प्लायवूडवाल्याचे भागवायचे, उरेल ती कमाई. कंपनीच्या वकिलाच्या लेखी तो साधा बिगारी. मग अपंगत्वाचा टक्का. दाखल्यावर ४० आले, तर कंपनी म्हणते हे हाताचे ४०, अख्ख्या शरीराचे २० धरा. वरवर किरकोळ वाटतं ना? वय ३५, महिना २०,००० धरा. त्यावर भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, झाले २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला किती पटीनं गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे ५३,७६,०००. याचे ४० टक्के साडेएकवीस लाख, २० टक्के पावणेअकरा. एका आकड्यात निम्मी रक्कम गायब. उत्पन्नच १०,००० धरलं तर त्याच्याही निम्मी.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तेव्हा शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नव्हे. तरी प्रत्येक जखमीला हे पहिल्यापासून भांडावं लागतं. बसून खायचं म्हणे!

हिशेबनीस
भावाबद्दल वाईट वाटलं. पण नाण्याची दुसरी बाजू लिहिणं भाग आहे. माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेली. अपघातानंतर महिनाभरानं एफआयआरमध्ये गाडीचा नंबर उगवतो, तोही नेमका विमा चालू असलेल्या गाडीचा. जिन्यावरून पडलेला माणूस रस्त्यावर पडलेला होतो. उत्तर प्रदेशातल्या बनावट दाव्यांसाठी एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावं लागलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या बार कौन्सिलला, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेला, यावरून झापलं होतं. आम्ही डोळे मिटून चेक फाडायचे का?

तिरकी रेघ
डोळे उघडे ठेवून तरी फाडा. भावाच्या बाबतीत टेम्पो जागेवर सापडला, ड्रायव्हर जागेवर सापडला, पंचनामा त्याच दिवशीचा. तरी कंपनीच्या लेखी जबाबात पहिलं वाक्य, 'अपघात झालाच नाही'. दुसरं, 'झाला असल्यास अर्जदाराची चूक'. ही छाननी आहे की छापील नमुना?

हिशेबनीस
नमुना छापील असतो हे मान्य. वकील एकच मसुदा शंभर ठिकाणी लावतात.

शिस्तप्रिय
हेल्मेट होतं का? ते कोणी विचारत नाही. लोक सर्रास उलट्या बाजूनं येतात, ट्रिपल सीट हिंडतात आणि मग भरपाई मागतात. आधी स्वतः नियम पाळा.

तिरकी रेघ
हात गेलाय त्याचा. हेल्मेट हाताला घालतात का तुमच्याकडे?

शिस्तप्रिय
मुद्दा तत्त्वाचा आहे.

काळा डगला
तत्त्वाचाच घ्या. ट्रिपल सीट होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. मोहम्मद सिद्दीक निकाल, २०२०. दंड वेगळा, भरपाई वेगळी.

बाकी रेघताई, एक गोष्ट तुमच्या लेखात राहिली. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत लावायची अट आलीय. जखमी माणसाचे पहिले सहा महिने ऑपरेशन, ड्रेसिंग आणि उसनवारीत जातात, त्याला मोटार वाहन कायद्यातलं दावा लावायचं कलम १६६ कुठून आठवणार? पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे हे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, पाठवायचा असतो. कागदावर उत्तम आहे.

पण माझ्या अनुभवात केस सगळ्यात जास्त कुठं अडकते सांगू? डॉक्टरांपाशी. दाखला देतात, साक्षीला येत नाहीत. समन्स गेलं की कॉन्फरन्स, मग सुट्टी, मग फोन बंद. नुसता दाखला जोडून भागत नाही, कंपनीला उलटतपासणीचा हक्क असतो. डॉक्टर नाही आला की टक्का उडाला, आणि शिव्या आम्हा वकिलांना.

प्लास्टरवाला
वाटच बघत होतो, डॉक्टर कधी निघतात याची. अहो डगलेसाहेब, मी हाडांचा डॉक्टर आहे आणि समन्सवर गेलोय. साडेदहाला बोलावलं, ओपीडी बंद ठेवून गेलो. बाहेर बाकावर बसवलं. दुपारी कंपनीचे वकील आलेच नाहीत, पुढची तारीख. पुढच्या तारखेला कोर्टच रजेवर. शेवटी उभं केलं तेव्हा पहिला प्रश्न, 'हा दाखला तुम्ही पैसे घेऊन दिला, हे खरं आहे का?' ज्याच्या पायात रात्री दोनला उठून मी रॉड टाकला, त्याच्यासाठी मी लाचखोर! तो पेशंट मागं बसून ऐकत होता.

काळा डगला
कोर्टाच्या भाषेत ती 'सूचना' असते, उलटतपासणीतला ठरलेला प्रश्न, प्रत्येक साक्षीदाराला घालतात. 'खोटं आहे' म्हणायचं आणि पुढं जायचं. मनाला काय लावून घ्यायचं त्यात?

प्लास्टरवाला
म्हणजे शिवी द्यायची पद्धत आहे, म्हणून ती शिवी नाही. छान! आणि टक्क्यांचं निघालंच आहे तर विचारतो, माझा टक्का अपंगत्वाचा, तुमचा कशाचा? भरपाईतला हिस्सा ठरवून घ्यायला वकिलाला बंदी आहे ना?

काळा डगला
बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे. घेतात, हेही खरं. मी घेत नाही.

वाचनमात्र
"मी घेत नाही" हे वाक्य प्रत्येक वकिलाकडून ऐकलंय. मग घेतं कोण? आमच्या काकांच्या वेळी हॉस्पिटलच्या गेटपाशीच एकानं कार्ड दिलं, 'आधी एक पैसा नको, नंतर बघू'. ते 'नंतर' चांगलंच महागात पडलं.

काळा डगला
आणि आधी फी मागितली असती तर काका वकील लावू शकले असते? पगार बंद, औषधं चालू. हिस्सा घेणाऱ्यांचं समर्थन करत नाही, पण तो माणूस गेटपाशी उभा राहू शकतो तो का, तेही बघा.

तिरकी रेघ
डॉक्टर, वकील, तुमचं झालं असेल तर विचारते. भावाच्या दाखल्यावर सही असलेले डॉक्टर बदली होऊन गेलेत. न्यायाधिकरण पुढची तारीख देतंय आणि कंपनीचा माणूस दर वेळी कानाशी येऊन म्हणतो, 'लोकअदालतीत मिटवा, लगेच मिळतील.' किती? मागितल्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. तिथं सही केली की अपीलही नाही. घरात खायला नसलं की माणूस सही करतो. लवकर मिळण्याची किंमत जखमी माणसानंच का मोजायची?

प्लास्टरवाला
ताई, तुमच्याशी भांडण नाही. वकिलांना सांगा, कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीनं साक्ष नोंदवणारा माणूस, नेमून डॉक्टरच्या जागी जाऊन साक्ष घेता येते. तुम्ही दिलेल्या त्या राजकुमार निकालातच आहे, डॉक्टरला ताटकळत ठेवू नका म्हणून. तेवढा परिच्छेद वकील मंडळी कोर्टात वाचत नाहीत.

काळा डगला
अर्ज मी केलेत आणि मंजूरही झालेत. फक्त कमिशनर गेल्यावर डॉक्टर ऑपरेशनमध्ये असतात. असो, या वेळी डॉक्टरसाहेबांचं बरोबर आहे. तारीख लिहून ठेवा, परत म्हणणार नाही.

शिस्तप्रिय
मूळ प्रश्न बेशिस्तीचा होता. तो सोयीस्करपणे बाजूला पडला.

हिशेबनीस
मूळ प्रश्न लॉटरीचा होता. ताई, नोकरीत असताना हे सांगितलं नसतं. उत्पन्नाचा पगारी पुरावा नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. प्लायवूड आणि हार्डवेअरची जुनी बिलं, बँकेतल्या नोंदी, यूपीआयचे जमा झालेले पैसे, आणि ज्यांच्या घरी कामं केली त्यांच्यातले दोघं-तिघं साक्षीला. असं गिऱ्हाईक येऊन 'याच्याकडून कपाटं करून घेतली, एवढे दिले' म्हणालं की आमचे वकील गप्प बसायचे. आणि लोकअदालतीत पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो. कंपनीनं माझं पेन्शन रोखलं तर भरपाई तुमच्याकडून घेईन.

तिरकी रेघ
बिलं शोधायला सांगते. प्लायवूडवाल्याची वही मिळेल बहुतेक. पण इतकी वर्षं हे माहीत असून समोरच्याला बिगारी ठरवत होतात, ते काही पटलं नाही.

हिशेबनीस
पटावं म्हणून लिहिलंच नव्हतं.