शब्द: स्वमग्न

प्रश्न: भाच्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. नातेवाइकांना सांगताना मी 'स्वमग्न' म्हटलं आणि बहीण दुखावली. शब्द चुकलाय का? 'न्यूरोडायव्हर्सिटी'ला (माणसांच्या मेंदूंच्या घडणीतल्या नैसर्गिक वैविध्याला) मराठीत काय म्हणावं?

उत्तर: दोष मूळ शब्दातच आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास 'ऑटिझम' वापरला तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. ग्रीक 'आउटोस' म्हणजे स्वतः. १९४३ मध्ये अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी तो मुलांच्या बाबतीत वापरला. मराठीत त्याचं 'स्वमग्न' झालं. 'मग्न' म्हणजे बुडालेला: चिंतामग्न, ध्यानमग्न. माझा ऑटिस्टिक मुलगा मात्र मिक्सर सुरू व्हायच्या आधीच कान झाकतो, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतो. जग त्याच्यावर आदळत असतं. त्याला स्वतःत बुडालेला कसं म्हणू? तुमच्या बहिणीचं बरोबर आहे.

'स्वमग्न' बोलीत रुळलाय, तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. 'ऑटिझमग्रस्त' मात्र कृपा करून नको. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या रांगेत लेकरू का बसवायचं? 'त्याला ऑटिझम आहे' किंवा 'तो ऑटिस्टिक आहे' म्हणा.

अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांमधलं ऑटिझमचं प्रमाण २००० साली १५० मागे एक होतं, २०२२ साली ३१ मागे एक. व्याख्या रुंदावली हे त्याचं एक मोठं कारण. २०१३ मध्ये तिथल्या निदानपुस्तिकेत तोवर वेगळं निदान मानलेलं अ‍ॅस्पर्जरही ऑटिझममध्येच धरलं गेलं. त्यामुळे मोठी माणसंही आता ओळखू येतात. मुलाची प्रश्नावली भरताना माझे वडील म्हणाले, "यातलं निम्मं मलाही लागू आहे." आयुष्यभर त्यांनी 'एककल्ली', 'घुम्या', 'माणूसघाणा' ऐकलं. त्यांचं निदान झालेलं नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरात हे तीन शब्द बंद आहेत.

'न्यूरोडायव्हर्सिटी'साठी मला 'मज्जावैविध्य' आवडतो. मज्जातंतू, मज्जासंस्था आपल्या तोंडात आहेतच. शिवाय 'मज्जा' आणि 'मग्न' एकाच 'मज्ज्' धातूतले मानतात. बोलताना 'मेंदूचं वेगळेपण'सुद्धा चालेल.

प्रश्नकर्ती: 'ग्रस्त'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. शाळेच्या अर्जात मीच तसं लिहिलंय. उद्या जाऊन बदलून देते.