वर्गात येतं आणि दीड महिन्यानं जातं: शिकवण्यात नेमकं काय बदलू?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती):
नमस्कार. सहावीला गणित शिकवते, वर्गात ४१ मुलं. अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाल्यावर घटक चाचणीत बहुतेकांची गणितं बरोबर आली होती. दीड महिन्यानं दशांश सुरू करताना फळ्यावर सहज १/२ + १/३ लिहिलं आणि रांगांमधून फिरले. एकामागून एक वहीत तेच उत्तर, २/५. वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली. ज्या मुलीनं चाचणीत लसावि काढून, एकेक पायरी नीट मांडून पैकीच्या पैकी मिळवले होते, तिच्याही वहीत २/५. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

पुन्हा शिकवलं की येतं, पुन्हा काही दिवसांनी जातं. तास ३५ मिनिटांचा आणि पुढचे घटक वाट बघतायत. शिक्षणसंशोधनात यावर बरंच काम झालंय असं ऐकते, पण कुठून सुरुवात करावी कळत नाही. ज्याला खरोखर आधार आहे अशा एकदोनच गोष्टी सुचवाल का? काय वाचू? यंदाचं कृतिसंशोधन (शिक्षकानं आपल्याच वर्गातल्या अडचणीवर करायचा छोटा अभ्यास) मला याच विषयावर करायचंय, केवळ फाइल भरायला नाही.

रेघोटी:
ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. "मुलं लक्षच देत नाहीत" असं म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत.

मी एकच गोष्ट सुचवेन. तासाची पहिली सहा मिनिटं जुन्या घटकांवरच्या प्रश्नांना द्या. वह्यापुस्तकं बंद, प्रत्येकानं कागदावर लिहायचं, गुण नाहीत.

याचा आधार सांगते. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६चा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी दुसऱ्यांदा वाचले. काहींच्या बाबतीत दुसऱ्या वेळी उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढायचं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेलंच जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के शिल्लक होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. म्हणजे जी पद्धत त्या क्षणी सरस वाटते तीच पुढे मागे पडते. तुमच्या घटक चाचणीत हेच झालं असावं. चाचणी घटक संपल्यासंपल्या झाली, त्यामुळे तिनं ताजेपणा मोजला.

हा प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर आणि उताऱ्यांवर झाला, हे लक्षात असू द्या. पण अशा प्रकारचं काम नंतर शाळकरी मुलांवर आणि वेगवेगळ्या विषयांतही झालंय, आणि दिशा बहुतेक तीच दिसते.

माझ्या वर्गात प्रश्न असे असतात: एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. महिन्यापूर्वीचा प्रश्न आला की पेन्सिली थांबतात, काही जण छताकडे बघतात. ते बघताना पूर्वी जीव कासावीस व्हायचा, लगेच सूचक शब्द द्यायचे. आता देत नाही. आठवायचा प्रयत्न चालू असतो तोच खरा कामाचा वेळ. मात्र लिहून झालं की उत्तर ताबडतोब फळ्यावर सोडवते. चूक तशीच ठेवून पुढे जायचं नाही.

तिसराबाक:
रेघोटींना +१. गणितासाठी आणखी एक, सरावाची गणितं मिसळून द्या. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली घनफळाच्या गणितांवर हे करून पाहिलं. एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग, दुसऱ्याला सगळे प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिसळवाले ६३ वर.

कारण सोपं आहे. स्वाध्यायाच्या शीर्षकातच "भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज" लिहिलेलं असतं, तेव्हा कुठली रीत वापरायची हे मुलाला ठरवावंच लागत नाही. तुम्ही १/२ + १/३, शेजारी १/२ × १/३ आणि खाली २/७ + ३/७ द्या. तिथे मुलगा थांबतो, चिन्ह बघतो, छेद बघतो. तुमच्या २/५ वर औषध मला तिथेच दिसतं. सुरुवातीला चुका वाढतील. हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात तुमचाच धीर सुटेल.

निळीशाई:
माझ्या मते आधी कोण बघून शिकतं, कोण ऐकून आणि कोण हातानं करून, हे शोधा. तसे गट करून शिकवलं की विसरणार नाहीत.

तिसराबाक:
निळीशाई, तळमळ समजते, पण यावर वेळ घालवू नका असं मनापासून सांगतो. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये हा सगळा पुरावा तपासला. मुलाच्या "शैली"प्रमाणे शिकवल्यानं ते जास्त शिकतं, असं म्हणण्याजोगा आधार त्यांना मिळाला नाही. अपूर्णांकाच्या पट्ट्या हातात द्या, चित्रही काढा, पण सगळ्यांसाठी. "तू ऐकून शिकणारा" असा शिक्का बसला की ते मूल चित्राकडे बघायचंच सोडतं.

पाटीपेन्सिल:
खूप आभार. एक भीती आहे. रोज प्रश्न म्हणजे रोज परीक्षा असं मुलांना वाटलं तर? माझ्या वर्गात एक मुलगी लिहिताना डाव्या हातानं कागद झाकते, मी जवळ गेले की आणखी झाकते.

रेघोटी:
म्हणूनच गुण नकोत. रूथ बटलर यांचा १९८८चा अभ्यास पाचवी-सहावीच्या मुलांवरचाच आहे. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामाबद्दल लेखी शेरा, काहींना दोन्ही. शेरा मिळालेल्यांचं काम आणि गोडी दोन्ही सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची गत फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुण दिसला की शेऱ्याकडे लक्षच जात नाही. मी ते कागद गोळाही करत नाही. मुलं स्वतः दुरुस्त करतात आणि घरी नेतात. कागद झाकणाऱ्या मुलीकडे पहिले पंधरा दिवस वाकून बघू नका. हात आपोआप सरकेल.

खडूचीधूळ:
आणखी एक छोटी गोष्ट. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नव्हते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली. फोनवर स्वतःचा एक तास मुद्रित करून ऐका. मी ऐकला. "छेद समान का करायचे?" असं विचारून पुढच्याच श्वासात उत्तर मीच देत होतो, तासाभरात कितीतरी वेळा. फार वाईट वाटलं.

वाचायला: डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा २०१३चा आढावा. अभ्यासाच्या दहा पद्धती त्यात तपासल्या आहेत. स्वतःची चाचणी घेणं आणि सराव दिवसांमध्ये विभागणं या दोन सर्वांत वर आल्या, अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाला. लेख मोठा आहे, आधी वरच्या दोघींवरचे भाग वाचा. रोझेनशाइन यांचा २०१२चा अध्यापनतत्त्वांवरचा लेख छोटा आणि शिक्षकांसाठीच लिहिलेला. 'एरिक' या शिक्षणविषयक लेखांच्या मोफत ऑनलाइन संग्रहात शोधताना पूर्ण लेख उपलब्ध असलेलेच दाखवा असा पर्याय निवडा.

तिसराबाक:
कृतिसंशोधनाबद्दल. "आधी चाचणी, मग उपक्रम, मग चाचणी, गुण वाढले" एवढ्यावर थांबू नका. गुण एरवीही वाढतात. फक्त कमी गुणांची मुलं निवडलीत तर दुसऱ्या खेपेला काहींचे गुण आपोआपच सरासरीकडे सरकतात, आणि श्रेय उपक्रमाला जातं.

तुमच्या एकाच वर्गात असं करता येईल. साधारण सारख्या अवघड सहा घटकांची यादी करा. चिठ्ठ्या टाकून तीन निवडा, रोजचे प्रश्न फक्त त्यांवर. उरलेल्या तिघांची नेहमीसारखी उजळणी, वेळ तेवढाच. दोन महिन्यांनी न सांगता सहाही घटकांवर प्रश्न द्या आणि कुठले घटक कुठल्या बाजूचे हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. तीच मुलं, त्याच बाई, फरक फक्त रोजच्या प्रश्नांचा. आणि चुका मोजून थांबू नका, कुठल्या प्रकारची चूक तेही लिहा. २/५ किती वह्यांत राहिलं हे मला टक्केवारीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पाटीपेन्सिल:
चिठ्ठ्यांची कल्पना फार आवडली, हे डोक्यातच आलं नसतं. सोमवारपासून सुरू करते, तीन प्रश्नांनी. तपासायला शेजारच्या तुकडीच्या बाई तयार आहेत. लसाविचा घटक यादीत घेऊ का? तो अपूर्णांकांत मिसळलेला आहे.

तिसराबाक:
नको. अपूर्णांकांच्या प्रश्नांत त्याचाही सराव होत राहील आणि तुलना बिघडेल. कोन घ्या.

रेघोटी:
आणि पहिला आठवडा दोनच प्रश्न ठेवा ताई. कागद काढण्यातच तीन मिनिटं जातात.