डायअल्डिहाइड स्टार्चवर अमाइन चढवताना माल तपकिरी, नायट्रोजन निम्मा

प्रश्न
मक्याच्या स्टार्चचं सोडियम पेरिऑडेटने ऑक्सिडीकरण (त्यातून अल्डिहाइड गट असलेला डायअल्डिहाइड स्टार्च मिळतो), मग त्यावर इथिलीनडायअमाइन (दोन्ही टोकांना नायट्रोजन असलेलं अमाइन). पाण्यातलं तांबं शोषणारी पावडर हवी आहे. आयआर (इन्फ्रारेड) वर्णपटात अल्डिहाइडचं 1730 चं शिखर जेमतेम दिसतं, अमाइनमध्ये टाकताच माल तपकिरी आणि चिकट होतो, केल्डालने (नायट्रोजन मोजायची पद्धत) नायट्रोजन हिशेबाच्या निम्मा येतो. ऑक्सिडीकरण कमी पडतंय का? 50 टक्के ग्लुकोज-एककांचं ऑक्सिडीकरण व्हायला पेरिऑडेटचं प्रमाण काय धरावं?

उत्तर 1
1730 वरून काही ठरवू नका. डायअल्डिहाइड स्टार्चमधले बहुतेक अल्डिहाइड गट पाण्याशी किंवा शेजारच्या हायड्रॉक्सिल गटांशी जोडून (हायड्रेट किंवा हेमिअॅसिटल होऊन) बसतात, म्हणून शिखर दबलेलं असतं. टायट्रेशनच करा.

प्रमाण: एका ग्लुकोज-एककाला (मोलर वस्तुमान 162) एक मोल पेरिऑडेट. कोरडा स्टार्च 10 ग्रॅम, म्हणजे 12 टक्के ओलावा असेल तर 11.4 ग्रॅम तोला. 50 टक्क्यांसाठी पेरिऑडेट 6.6 ग्रॅम, पाणी सुमारे 120 मिली. पीएच 3.5 ते 4, 35 अंश, 3-4 तास ढवळणं, फ्लास्कला फॉइल. उजेडात पेरिऑडेट फुटतं, त्यातून निघणारे रॅडिकल साखळ्या तोडतात.

नंतर धुणं. गाळलेल्या पाण्यात आम्ल व पोटॅशियम आयोडाइड टाकल्यावर पिवळेपणा येत नाही तोवर धुवा. उरलेलं पेरिऑडेट मारायला ग्लायकॉल घालत असाल तर त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं आणि ते पुढे तुमचं अमाइन खातं.

टायट्रेशन: 0.3 ग्रॅम नमुना, पीएच 4 ला आणलेलं 0.25 मोलर हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड 25 मिली, 40 अंशाला 4 तास. सुटलेलं आम्ल 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने परत पीएच 4 पर्यंत मोजा. 50 टक्के झालं असेल तर 18-19 मिली लागतात. ब्लँक (नमुन्याशिवाय तीच चाचणी) हवाच.

उत्तर 2
टायट्रेशन बरोबर आलं, तर "निम्मा" हा आकडाच कारण सांगतो: डायअमाइनची दोन्ही टोकं अल्डिहाइडला जोडली गेली की प्रत्येक अल्डिहाइडमागे दोनऐवजी एकच नायट्रोजन उरतो. वरच्या 10 ग्रॅमच्या बॅचमध्ये अल्डिहाइड सुमारे 62 मिलिमोल. पाचपट अमाइन, म्हणजे 18.5 ग्रॅम घ्या आणि पावडर अमाइनमध्ये टाका, उलट नाही.

तपकिरी, चिकट होण्याचं मूळ पीएचमध्ये. नुसतं डायअमाइन पाण्यात 11 च्या वर जातं आणि तिथे बीटा-एलिमिनेशनने (अल्कलीमुळे होणाऱ्या बंधतुटीने) साखळी तुटत जाते. आधी थंड ठेवून हायड्रोक्लोरिक आम्लाने 9 वर आणा. तिथे बहुतांश डायअमाइनचं एक टोक प्रोटॉन धरून असतं, त्यामुळे दुहेरी जोडही घटते. 4-6 तासांनी, अमाइन-अल्डिहाइडची जोड क्षपणाने पक्की करायला, 0-5 अंशाला सोडियम बोरोहायड्राइड, सुमारे 2.3 ग्रॅम, चिमटी-चिमटीने. पीएच 9 च्या खाली उतरू देऊ नका, नाहीतर ते हायड्रोजन होऊन उडून जातं. भांडं उघडं, फ्यूम हुडमध्ये. घाई करून बोरोहायड्राइड आधी घातलंत तर अल्डिहाइडचंच अल्कोहोल होतं आणि नायट्रोजन पुन्हा घसरतो.

प्रश्नकर्ता
पेरिऑडेट महाग आहे. हायपोक्लोराइट चालेल?

उत्तर 2
या कामाला नाही. त्यातून मुख्यतः कार्बॉक्सिल गट मिळतात. त्यावर अमाइन मीठ म्हणून चिकटतं, केल्डालमध्ये दिसतंही, पण आम्लाने धुतलं की निघून जातं. खर्च वाचवायचा तर गाळलेल्या पाण्यातलं आयोडेट परत पेरिऑडेट करा.